डब्याची पाठ वाचा: मोठ्या आवाजाच्या घरगुती स्पीकरांसाठी अ‍ॅम्प आणि रिसीव्हर निवडताना

बेळगावच्या वडगावात आमच्या मामांचं घर म्हणजे पुढं सोपा, मधे माजघर आणि पाठीमागं चार यंत्रमाग. माग चालू असले की सोप्यातसुद्धा आवाज चढवूनच बोलावं लागतं. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलानं पुण्याहून उभे स्पीकर आणले, चांगले कमरेएवढे. त्यांना जोडायला मामांनी बाजारातून एक अ‍ॅम्प उचलला (अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र). खोक्यावर सोनेरी अक्षरांत ४००० वॅट. संध्याकाळी मला फोन: "आवाज फाटतोय रे. येऊन बघ की जरा."

मी गेलो आणि आधी डबा उलटा केला. पाठीमागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट.

मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मागवाल्या माणसाला करंटचा हिशेब शिकवावा लागत नाही. "एका मागाला एक एचपीची मोटार धर. साडेसातशे वॅट झाले. चार हजार म्हणजे पाच माग फिरतील की! आणि हा डबा भिंतीतनं घेतोय साठच?"

अ‍ॅम्प निवडण्याचं निम्मं शास्त्र मामांनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं. डबा भिंतीतून जेवढं घेतो त्यापेक्षा जास्त तो सतत बाहेर देऊ शकत नाही. ढोलाचा एखादा ठोका आतल्या कपॅसिटरमधल्या साठ्यातून क्षणभर जोरात जाईल, पण क्षणभरच. खोक्यावरच्या त्या चार हजारांना पीएमपीओ म्हणतात. त्याची कुठलीही ठरलेली व्याख्या नाही, म्हणून कुणीही कितीही लिहितो. तो आकडा वाचायचाच नाही.

मग काय वाचायचं, कुठल्या क्रमानं, ते सांगतो.

आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प

बहुतेक जण अ‍ॅम्पपासून सुरुवात करतात. ते उलटं आहे. स्पीकरच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात दोन आकडे शोधा.

पहिला सेन्सिटिव्हिटीचा. म्हणजे स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. लहान बुकशेल्फ स्पीकर साधारण ८४ ते ८७, बरे उभे स्पीकर ८८ ते ९१, आणि भोंग्याच्या तोंडाचा ट्विटर (वरचे सूर काढणारा लहान स्पीकर) असलेले ९५च्या पुढंही जातात. हे आकडे जवळजवळचे दिसतात, पण फसू नका. डेसिबलमध्ये ३ वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात आणि १० वाढवायचे तर दहापट. ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट देऊन जेवढा आवाज निघतो, तेवढाच ९७ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. मोठा आवाज हवा असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर खर्च करा, ते जास्त वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा स्वस्त पडतं.

एक बारकावा आहे. पत्रकात "२.८३ व्होल्ट, १ मीटर" असं लिहिलं असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर तो १ नाही, २ वॅटवर मोजलेला असतो. अशा आकड्यातून ३ वजा करून मगच तुलना करा.

दुसरा आकडा ओहमचा. घरगुती स्पीकर ८, ६ किंवा ४ ओहमचे असतात. ओहम जेवढे कमी तेवढा अ‍ॅम्पमधून करंट जास्त ओढला जातो. ८ ओहमचा स्पीकर जवळपास कुठल्याही अ‍ॅम्पला चालतो. ४ ओहमचा असेल तर अ‍ॅम्पच्या पाठीवर ४ ओहम चालतील असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. दुकानदाराचं "चालतंय हो, काही होत नाही" इथं चालत नाही. आणि ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी समांतर जोडले की अ‍ॅम्पला ते ४ ओहमच दिसतात. गणपतीत चार खोल्यांत चार स्पीकर ओढणाऱ्यांचे अ‍ॅम्प तापून बंद पडतात ते यानंच.

स्पीकरवर "२० ते १५० वॅट" असंही लिहिलेलं असतं. एवढे वॅट लागतातच, असा त्याचा अर्थ नाही. या टप्प्यातला अ‍ॅम्प योग्य, इतकंच ते सांगतं.

खोलीचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण कागद-पेन घेऊन बसा. दहा मिनिटं लागतात आणि हजारो रुपये वाचतात.

मामांच्या स्पीकरचा आकडा ९०. त्यांची खुर्ची स्पीकरपासून साधारण ४ मीटरवर. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे १ मीटरवरून ४ मीटरवर जाताना १२. खोलीच्या भिंती त्यातलं थोडं परत देतात, ३ धरा. स्पीकर दोन आहेत, त्याचे आणखी ३. म्हणजे ९० वजा १२ अधिक ३ अधिक ३, एकूण ८४. दोन्ही स्पीकरना फक्त एकेक वॅट दिला तरी मामांच्या कानाशी ८४ डेसिबल.

पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. आपण एरवी ज्या आवाजात गाणी ऐकतो त्याला एक वॅटही लागत नाही. मग मोठे अ‍ॅम्प कशाला? ठोक्यासाठी. गाण्याचा सरासरी आवाज ८५ असला तरी तबल्याची थाप, ढोलाचा टिपरू, सिनेमातला स्फोट हे १५ ते २० डेसिबल वर उडी मारतात. मामांना उडी १०१पर्यंत हवी. ८४पासून १०१ म्हणजे १७ डेसिबल, म्हणजे पन्नासपट. पन्नास वॅट. थोडी शिल्लक हाताशी ठेवून ६० ते ८० वॅटचा खरा अ‍ॅम्प त्यांना पुरतो.

हाच हिशेब ८४ डेसिबलच्या बुकशेल्फवर केला तर त्याच खुर्चीत २०० वॅट लागतात. तो लहान स्पीकर तेवढे सोसणारही नाही. तिथं अ‍ॅम्प मोठा घेण्यापेक्षा खुर्ची पुढं ओढा. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये अडीच मीटरवर बसणाऱ्याला वेगळं काही करावंच लागत नाही.

खोलीच्या पोताचंही बघा. स्लॅब, टाइल्सची फरशी आणि काचेच्या खिडक्या असल्या की आवाज घुमतो. मग शब्द कळत नाहीत म्हणून माणूस अजून वाढवतो. जुन्या गल्लीतलं मंगळुरी कौलांचं घर या बाबतीत उलट: आवाज कौलांतून निघून जातो, घुमत कमी. घुमणाऱ्या खोलीत जमिनीवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीला आजीची वाकळ टांगा. मी गंमत करत नाही, वाकळीचे सात-आठ थर वरच्या सुरांचा कर्कशपणा चांगला खातात.

वॅटची ओळ अख्खी वाचायची

खऱ्या वॅटची ओळ लांब असते. उदाहरणार्थ, यामाहाच्या ए-एस५०१ या स्टिरिओ अ‍ॅम्पचा दावा असा: ८५ अधिक ८५ वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) ०.०१९ टक्के. यात चारही गोष्टी आल्या. किती ओहमवर, कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्या सुरांवर की एकाच सुरावर, किती विकृती चालवून घेऊन, आणि एका वेळी किती चॅनेल (स्पीकरच्या बाजू) चालवून. यातली एक जरी गाळली असेल तर तिथंच पाणी मुरतंय असं समजा.

रिसीव्हरच्या, म्हणजे टीव्ही आणि पाच-सात स्पीकर एकत्र सांभाळणाऱ्या यंत्राच्या, खोक्यांवर बहुधा "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ चॅनेल, १० टक्के विकृती" अशा अटींवरचा मोठा आकडा पुढं छापतात. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज उघड फाटलेला. त्याच यंत्राचा खरा आकडा आत कुठंतरी असतो आणि तो अनेकदा निम्म्यावर येतो. डेनॉनच्या एव्हीआर-एक्स१७००एच या सात चॅनेलच्या रिसीव्हरचा पूर्ण अटींसह दावा ८० वॅटचा आहे: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनेल चालवून. सातही एकदम चालवले तर प्रत्येकाला तेवढे मिळणार नाहीत, कारण वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच. हे सगळ्याच घरगुती रिसीव्हरना लागू आहे.

अमेरिकेत या थापांना कंटाळून १९७४मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं अ‍ॅम्पचे वॅट कसे मोजून छापायचे याचा नियमच केला. आपल्या बाजारात मात्र डबा उलटा करणं हाच नियम. फक्त एक ध्यानात ठेवा: चांगल्या कंपन्यांच्या रिसीव्हरवर मागं लिहिलेला वीजवापर पूर्ण जोरावरचा नसतो, नेहमीच्या वापराइतक्या जोरावरचा असतो. म्हणून त्यावरून थापाड्या ओळखा, चांगल्या दोघांत डावं-उजवं करू नका.

वजनही बघा. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो, हाताला ओझं लागतं. क्लास डी अ‍ॅम्प हलके असतात आणि कमी तापतात, ते वाईट नव्हेत. पण नेटवर मिळणाऱ्या तळहाताएवढ्या क्लास डी अ‍ॅम्पची ताकद त्याच्या अ‍ॅडॉप्टरएवढीच. ३०० वॅट लिहिलेल्या डब्यासोबत २४ व्होल्ट, ४ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आला तर गुणाकार करा: ९६ वॅट. दोन्ही बाजूंना मिळून, उष्णतेत जाणारं वजा करून.

लहान अ‍ॅम्प स्पीकर जाळतो

उलटं वाटतं, पण खरं आहे, आणि माझ्याच हातून घडलंय. भाचीच्या बारशाला ३० वॅटच्या अ‍ॅम्पला मी १०० वॅटचे स्पीकर लावले होते. पाहुणे वाढले तशी खुंटी फिरवत गेलो, शेवटपर्यंत. दोन तासांनी गाण्यातल्या टाळ-झांजा गायब. उजवा ट्विटर गेला होता.

अ‍ॅम्पची ताकद संपली की लाटेचं डोकं छाटलं जातं. गोल लाट चौकोनी व्हायला लागते, आणि चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. शिवाय छाटलेल्या कडांमधून वरचे सूर तयार होतात आणि ते सगळे ट्विटरकडं जातात. त्याची तार केसासारखी, थोडेच वॅट सोसणारी. तेव्हा आवाज खरखरायला लागला की खुंटी लगेच मागं घ्या. थोडा मोठा अ‍ॅम्प हळू चालवणं हे लहान अ‍ॅम्प पिळण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

रिसीव्हर की साधा अ‍ॅम्प

एकेकाळी रिसीव्हर म्हणजे रेडिओ आत असलेला अ‍ॅम्प. धारवाड नाहीतर सांगली केंद्र त्याच्यावरच लागायचं. आता रिसीव्हर म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, पाच-सात स्पीकर आणि सबवूफर (खालचे जड सूर काढणारा स्पीकर) एकत्र सांभाळणारं यंत्र.

माझं मत सरळ आहे. सिनेमे बघत असाल आणि पाच स्पीकर खरोखर लावणार असाल तर रिसीव्हर घ्या. दोनच स्पीकर आणि गाणी, भजनं, मॅचचा आवाज एवढंच असेल तर स्टिरिओ अ‍ॅम्प घ्या. त्याच पैशात रिसीव्हरमध्ये सात अ‍ॅम्प, एचडीएमआय, वायफाय सगळं बसवायचं असतं. स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये तो पैसा ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो. टीव्ही जोडायला ऑप्टिकल जागा आणि सबवूफरची जागा आहे ना, एवढं बघा.

रिसीव्हरच घ्यायचा तर दोन गोष्टी तपासा. एचडीएमआय एआरसी किंवा ईएआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एकाच केबलनं येतो. आणि प्री-आउट, म्हणजे उद्या जोर कमी पडला तर पुढच्या दोन स्पीकरना वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडता येतो. स्वस्त रिसीव्हरमध्ये प्री-आउट बहुधा फक्त सबवूफरचा असतो.

मंडपवाल्यांचा पीए अ‍ॅम्प घरी आणायचा मोह टाळा. तो लांबच्या भोंग्यांसाठी, १०० व्होल्टच्या लाइनसाठी बनवलेला असतो. त्या टोकांना घरचा स्पीकर जोडला तर त्याचे बारा वाजतील.

कुठून घ्यायचा

बेळगाव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आणि बेंगळुरूच्या एस. पी. रोडपासून साधारण सारखंच लांब, पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून खडेबाजारात मिळालं तर शे-पाचशे जास्त देऊनही इथंच घ्यावं असं मी म्हणतो. वीस किलोचा रिसीव्हर दुरुस्तीला हुबळीला न्यायचा की कोल्हापूरला, ते आधीच विचारून ठेवा.

बाहेरच्या देशातून येणाऱ्या मालात व्होल्टेज बघा. आखातातून आलेलं यंत्र बहुधा २२०-२४० व्होल्टचं असतं, पाठीवर तसं लिहिलेलं बघून मगच लावा. अमेरिकेतलं १२०चं, जपानमधलं १००चं; ते आपल्या भिंतीत घातलं की धूरच.

जुना माल घेताना स्वतःचा मोबाइल आणि वायर घेऊन जा. चालू केल्यावर काही सेकंदांत आत रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) "टक्" आवाज यायला हवा. खुंटी हळूहळू फिरवा. थोडी खरखर स्प्रेनं जाते, पण एक बाजू सारखी गुल होत असेल तर नको. मीटर असेल तर काही वाजत नसताना स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १००च्या वर गेला तर हात जोडून परत या.

लाइट, पाऊस आणि पाली

कुठल्याही माहितीपत्रकात नसलेला हा भाग आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा. मामांकडं एक माग सुरू झाला की दिवा क्षणभर मंद होतो. अ‍ॅम्पसाठी मागांपासून वेगळी लाइन, शक्यतो थेट मीटरच्या बोर्डाकडून, ओढून घ्या. व्होल्टेज फारच खालीवर होत असेल तर ८० वॅटच्या स्टिरिओ अ‍ॅम्पला १ केव्हीएचा स्टॅबिलायझर भरपूर होतो. इन्व्हर्टरवर चालवायचा तर साइन वेव्हचाच; चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

वळवाच्या विजा सुरू झाल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि केबल टीव्हीची व इंटरनेटची वायरही काढा. वीज त्या वाटेनंही आत येते.

स्पीकरमधून सारखी "हुंम्म" येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. हुंम्म थांबली तर दोष अर्थिंगच्या दुहेरी वाटेचा आहे. अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापायची नाही. ती तुमच्या जिवासाठी आहे.

खानापूर भागात पावसाळ्यात चार महिने दमट हवा असते. तिकडं अ‍ॅम्प कपाटात झाकून ठेवू नका, आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा. वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. उबेला पाली आणि मुंग्या येतात. मी एका रिसीव्हरमध्ये पालीचा सांगाडा दोन टोकांना चिकटलेला बघितलाय. मागच्या जाळीवर मच्छरदाणीचं विरळ कापड लावा, हवा जाईल इतपत.

वायर

फार खर्च नको. पाच मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर, दहा मीटरला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची लवचिक वायर पुरते. दहा मीटरच्या जोडीचा रोध अनुक्रमे सुमारे ०.२७ आणि ०.१६ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढं ते किरकोळ. घेताना मात्र टोक ब्लेडनं खरवडा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. दुकानदार चिडला तरी खरवडा.

जोडणी आणि पहिलं चालू करणं

प्लग काढलेला असताना जोडा. लाल लालला, काळं काळ्याला. एका बाजूला उलटं झालं की बास गायब होतो. वायरचा एकही केस शेजारच्या टोकाला टेकू देऊ नका. खुंटी शून्यावर, मग चालू.

रिसीव्हर असेल तर सोबतचा माइक कानाच्या उंचीवर ठेवून मोजणी करून घ्या. सबवूफर असेल तर सेटिंगमध्ये स्पीकर "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडं जातात ती हद्द) ८० हर्ट्झ ठेवा. जड खालचे सूर सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्पकडं गेले की तुमच्या अ‍ॅम्पवरचं निम्मं ओझं उतरतं.

कानाचंही बघा. ८५ डेसिबल आठ तास सोसतो, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच. आणि घराबाहेरचा हिशेब कायद्यात आहे: २०००च्या ध्वनी नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल.

मामांनी तो सोनेरी डबा परत करून ८५ वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प घेतला. पहिलं काय लावायचं यावर घरात वाद झाला आणि कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन ठरलं; जन्म इथल्याच सुळेभावीचा, म्हणून मामांचा हक्क जरा जास्त. माग चालू होते, म्हणून खुंटी अकराच्या काट्यावर गेली. फोनवरच्या अ‍ॅपनं खुर्चीपाशी ८६ दाखवलं, फाटणं नाही, खरखर नाही.

एक वाजता जेवणासाठी माग थांबले. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, ऐकू येतंय आम्हाला पण!" मामा उठले आणि खुंटी नवावर आणून ठेवली. अ‍ॅम्पवर हात ठेवला, गार होता. "पाव वॅट पण जात नसंल की रे आता," म्हणाले, आणि पाटावर जाऊन बसले.